भोर घाटाचा चढ मांडणीवर आणताना: एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार. एचओ मांडणीत, म्हणजे 1:87 प्रमाणातल्या मॉडेल रेल्वेत, मुख्य मार्गाचा चढ दोन टक्क्यांपुढे नेऊ नये, या माझ्या सल्ल्यावर आपला आक्षेप असा आहे की कर्जत–लोणावळा घाटात खऱ्या गाड्या 37 मध्ये 1 (37 मीटर पुढे जाताना 1 मीटर वर), म्हणजे सुमारे 2.7 टक्के चढ चढतात. मग मॉडेलला त्याहून सौम्य चढ देणे हे वास्तवाशी विसंगत आहे.

घाटाचा आकडा आपण अचूक दिला आहे. मात्र त्या चढावर मुंबईकडून येणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून ढकलणारी जादा इंजिने, म्हणजे बँकर, लावावी लागतात, हेही त्याच वास्तवाचा भाग आहे. माझ्या मते त्याहून महत्त्वाचा मुद्दा वळणांचा आहे. आपल्याकडे ब्रॉडगेजवर सर्वांत तीव्र वळणाची त्रिज्या 175 मीटर असू शकते, आणि एचओच्या 1:87 प्रमाणात ती दोन मीटर भरते. घरातल्या मांडणीत आपण 60 सेंटिमीटरच्या त्रिज्येवर समाधान मानतो. ती खऱ्या रेल्वेतल्या जेमतेम 52 मीटरइतकी होते. एवढ्या आवळलेल्या वळणावर चाकांच्या कडा रुळाला घासतात आणि गाडी सपाटीवरही जड होते.

हा भार मोजण्यासाठी मॉडेलकार एक ढोबळ नियम वापरतात: 80 ला सेंटिमीटरमधल्या त्रिज्येने भागावे, येणारे उत्तर म्हणजे वळणामुळे चढात पडणारी टक्केवारीची भर. 60 च्या त्रिज्येला ती 1.3 येते. म्हणजे आपला 37 मध्ये 1 चा चढ वळणावर इंजिनाला चार टक्क्यांचा, 25 मध्ये 1 असा जाणवेल, आणि एक किलो वजनाच्या गाडीला नेहमीच्या घर्षणाखेरीज सुमारे 40 ग्रॅम ओढ जास्त लागेल. खरी रेल्वेसुद्धा चढावरच्या वळणात चढ मुद्दाम कमी करते. आपल्या ब्रॉडगेजवर वळणाच्या दर अंशामागे (वळण जितके तीव्र तितके अंश जास्त) चढात 0.04 टक्के सूट देतात. आपणही सरळ भागात 2.7 टक्के ठेवून वळणात 1.4 पर्यंत उतरलात, तर माझा विरोध राहणार नाही.

चढ जिथे सुरू होतो तिथे प्लायवूडचा सांधा अजिबात ठेवू नये, हा आग्रह मात्र मी सोडणार नाही. अखंड पट्टी उचलली की ती आपोआप हळूहळू वाकते. सांध्यावर कोन पडला की डबे जोडणारी कपलिंग वरखाली होऊन सुटतात आणि लांब डब्यांची चाके रुळावरून उचलली जातात.

रूळ ठोकण्यापूर्वी 120 सेंटिमीटरची फळी एका टोकाला 3.2 सेंटिमीटर उचलून तिच्यावर आपले इंजिन पूर्ण गाडीसह चालवून पाहावे, आणि मग तीच गाडी फळीवर वळण मांडून, तेवढाच चढ ठेवून, पुन्हा चालवावी. दुसऱ्या वेळी किती डबे सोडावे लागतात ते कृपया कळवावे.