गेममधलं कॅरेक्टर सजवलं म्हणून पोरगं बिघडत नाही

पंधरा दिवसांपासून आमच्या गावच्या तीन ग्रुपांवर एकच मेसेज फिरतो आहे. ग्रामपंचायतीच्या, शाळेच्या पालकांच्या आणि कापूस-सोयाबीनच्या भावाच्या. त्याचं म्हणणं असं: पोरं मोबाइलवर खेळत नाहीत, बाहुलीला कपडे घालत बसतात. त्यानं खेळात काडीचा फरक पडत नाही. पोट्टे पोट्टी होऊन खेळतात, वळण बिघडतं. शेतकऱ्याच्या घामाचा पैसा त्यात जातो. आणि हे परक्यांचं खूळ, आपल्या मातीत असलं काही नव्हतं. खाली लिहिलंय, ‘प्रत्येक बापापर्यंत पोचवा’.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात माझं मोबाइल दुरुस्तीचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. ज्या पोरांबद्दल हे लिहिलंय ती दिवसभर माझ्या काउंटरला टेकून उभी असतात, म्हणून गप्प बसवत नाही. मेसेजमधला पैशाचा मुद्दा खरा आहे, त्याकडे शेवटी येतो. बाकीचं चूक आहे.

‘काडीचा फरक पडत नाही.’ फ्री फायर मॅक्स या गोळीबाराच्या गेममध्ये कॅरेक्टर निवडणं म्हणजे कौशल्य निवडणं. आलोक घेतला तर तो जवळच्या सोबत्यांचा एचपी, म्हणजे शिल्लक जीव, भरून काढतो आणि त्यांचा पळण्याचा वेगही वाढवतो. एका वेळी एक आपण चालवायचं आणि तीन आपोआप चालणारी अशी चार कौशल्यं जोडता येतात. कोणतं कोणाशी जुळतं यावर ही पोरं माझ्या दुकानात अर्धा अर्धा तास वाद घालतात. फवारणीच्या पंपात कोणतं औषध कोणाबरोबर चालतं यावर त्यांचे बाप घालतात, अगदी तसाच. बीजीएमआय या तसल्याच दुसऱ्या गेममध्ये कपड्यांनी ताकद वाढत नाही, पण गवतात लाल सदरा घालून झोपलेला लांबून दिसतो. म्हणून तर एअरड्रॉपमधून, म्हणजे विमानातून पडणाऱ्या पेटीतून, गिली सूट, म्हणजे गवताचा अंगरखा, मिळाला की पोरं ओरडतात.

आणि निव्वळ दिसण्याचाही फरक पडतो. २०१५ मध्ये ‘रस्ट’ नावाच्या गेमनं खेळणाऱ्यांचा कातडीचा रंग स्वतःच ठरवून टाकला आणि बदलायची सोय ठेवली नाही. २०१६ मध्ये बाई की पुरुष हेही गेमच ठरवू लागला. त्यावर खेळणारे चिडले, भांडले. दिसण्याला काही किंमतच नसती तर भांडण कशाचं झालं असतं? २००७ मध्ये निक यी आणि जेरेमी बेलेन्सन या दोन संशोधकांनी स्टॅनफर्ड विद्यापीठातला आपला प्रयोग छापला. त्यात ज्यांना उंच शरीर दिलं ते पैशाच्या वाटणीत जास्त ठामपणे बोलले. शरीर खोटं होतं, तरी वागणं बदललं. आपण पडद्यावर कोण आहोत याचा परिणाम माणसावर होतो, म्हणून ते निवडण्यात पोरानं दहा मिनिटं घालवली तर ती वाया गेली असं मला वाटत नाही.

‘पोट्टे पोट्टी होऊन खेळतात.’ हे वाचून मला वाईट वाटलं, कारण लिहिणारा वऱ्हाडातलाच दिसतो. आपल्याकडच्या खडी गंमत या लोकनाट्यात लुगडं नेसून, पायात घुंगरू बांधून नाचणारा कोण असतो? पुरुष. दंडार या दुसऱ्या लोकनाट्यातल्या बायका कोणी उभ्या केल्या? गावातल्या शेतकऱ्यांनी आणि मजुरांनी. रात्रभर सोंग वठवून सकाळी ते वखरावर गेले. त्यांची वळणं बिघडली असं गावानं कधी म्हटलं नाही. उलट ‘काय सोंग वठवलं’ म्हणून नाव घेतलं.

मेसेजवाल्याला दुसरी बाजू दिसलीच नाही. आमच्या गावात दहावीतली एक पोरगी पुरुष कॅरेक्टर घेऊन खेळते आणि माइक कायम बंद ठेवते. मी कारण विचारलं तर म्हणाली, “दादा, पोरीचा आवाज आयकला का घाण बोलतात. असं असलं का कोनी काई म्हनत नाई.” तिचं रूप बदलणं ही तिची ढाल आहे. पालकांच्या ग्रुपवर चर्चा करायची असेल तर त्या घाण बोलणाऱ्यांची करा.

याच मुद्द्यावर आणखी एक सांगतो. ‘सिम्स ४’ हा मूळ गेम ऑक्टोबर २०२२ पासून फुकट आहे, म्हणून दुकानातल्या कॉम्प्युटरवर टाकून ठेवलाय. मागच्या उन्हाळ्यात आठवीची एक मुलगी आईसोबत आली होती. आईचा फॉर्म होईपर्यंत मी तिला माणूस बनवायचा पडदा उघडून दिला. मला वाटलं ती परी बनवेल. तिनं म्हातारी बनवली. आधी केस पांढरे केले, मग ते चापून मागे घेतले, मग गाल आत ओढले. कातडीच्या रंगावर सगळ्यात जास्त वेळ थांबली. एक लावायची, मान तिरकी करून बघायची, पुन्हा गडद करायची. या गेममध्ये डिसेंबर २०२० मध्ये शंभरावर नवे कातडीचे रंग घातले गेले, कारण काळ्या-सावळ्या खेळणाऱ्यांनी आमचा रंग नीट दिसत नाही म्हणून तक्रारी केल्या होत्या. त्या तक्रारी या पोरीच्या कामी आल्या. शेवटी आईला हाक मारून म्हणाली, “पाह्य ना, आजी.” आजी वर्षापूर्वी गेली होती. आई पडद्याकडे बघत राहिली, फॉर्मवर सही करायची राहिली. मग पोरगी कपड्यांत शोधत बसली आणि म्हणाली, “लुगडं काई दिसून नाई राह्यलं.” याला बाहुलीला कपडे घालणं म्हणायचं असेल तर म्हणा.

‘आपल्या मातीत असलं काही नव्हतं.’ पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपण काय करतो? तान्हा पोळा. लहान पोरं लाकडी नंदी सजवतात, स्वतःही वेष करतात आणि घरोघरी जाऊन बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, घेतात. माझा नंदी वीतभर उंचीचा होता. वाढईनं सागाच्या उरलेल्या तुकड्यातून करून दिलेला, खाली चार चाकं. आईच्या ब्लाउजपीसची झूल, कपाळावर बेगड. बाकी सगळ्यांच्या नंदीची शिंगं लाल होती, मी निळी रंगवली, कारण घरी दारं रंगवून उरलेला निळाच रंग होता. त्या दिवशी गावात मला कोणी नावानं ओळखलं नाही. “निळ्या शिंगाचा नंदी कोनाचा बे?” असंच विचारत होते, आणि मी छाती काढून “माह्या” म्हणत होतो. आपलं म्हणून चारचौघांत काहीतरी उभं करायचं आणि त्यावरून ओळखलं जायचं, ही हौस कुठल्याही परदेशी कंपनीनं इथं आणलेली नाही.

मग पैसा. इथं मेसेज बरोबर आहे आणि मी त्याच्या बाजूनं आहे. गेल्या हंगामात कापूस विकल्यावर एक शेतकरी मोबाइल घेऊन आला, म्हणे पैसे आपोआप कटून राहिले. बघितलं तर अकरा व्यवहार, एक ७९ चा, एक ३९९ चा, असे मिळून चार हजारांच्या वर. पोरगं सातवीत. त्याला एकच जाकीट हवं होतं. पण ते सरळ विकायलाच नव्हतं, चक्री फिरवायची होती, आणि जाकीट कितव्या फेरीत निघेल याचा भरवसा नव्हता. जत्रेतली चक्री आणि ही चक्री यात मला फरक दिसत नाही. जत्रेतल्या चक्रीवर निदान बाप पोराचा हात धरून ओढून आणू शकतो.

म्हणजे दोष जाकिटाचा नाही, चक्रीचा आहे. बेल्जियमनं २०१८ मध्ये पैसे भरून उघडायच्या, पण आत काय निघेल ते नशिबावर, अशा गेममधल्या पेट्यांना जुगार ठरवलं. कपडे बदलणं तिथं आजही चालू आहे. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं फोर्टनाइट हा गेम काढणाऱ्या एपिक गेम्स कंपनीला २४.५ कोटी डॉलर भरायला लावले, कारण बटणांची मांडणी अशी होती की नको ती खरेदी होऊन जायची. आपल्याकडे बीजीएमआय २०२१ मध्ये आला तेव्हा अठराच्या खालच्या मुलांना दिवसाला ७००० रुपयांची मर्यादा घातली होती. २०२४-२५ मध्ये मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७१२१ रुपये होता. जवळजवळ एक क्विंटल कापूस, रोजचा, आणि याला मर्यादा म्हणतात. ग्रुपवर बोंब मारायचीच असेल तर ती इथं मारा, मी सोबत आहे.

त्या अकरा व्यवहारांनंतर माझ्या दुकानात पोराला रिडीम कोड, म्हणजे गेममधल्या खरेदीसाठी पैसे भरायचा नंबर, हवा असेल तर मी आधी त्याच्या घरी फोन लावतो. यूपीआयचा पिन पोराला माहीत असेल तर बापाला समोर बसवून बदलून देतो. काही गिऱ्हाइकं त्यामुळे तुटली. पण कॅरेक्टरचे केस लांब ठेवायचे की आखूड, हे मी कोणत्याही पोराला विचारत नाही.