जाड पाइप, मोकळा धूर आणि ‘२५ टक्के पॉवर’

कोल्हापुरातल्या गाडीवाल्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. वर अमेरिकेतल्या सुपरचार्जरवाल्या (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप असलेल्या) ट्रकचा व्हिडिओ आणि खाली मराठीत दावे: पाइप जितका जाड तितकी पॉवर, डीपीएफ (डिझेलच्या धुरातली काजळी धरणारा फिल्टर) आणि कॅट (धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) म्हणजे इंजिनाच्या नाकात कोंबलेला बोळा, काढून फेका, आवाज वाढला की समजा ताकद वाढली, २५ टक्के पॉवर नक्की, घाटात गाडी दम सोडणार नाही, आणि पोलीस बुलेटवाल्यांना धरतात, पिकअपला कोण विचारतंय? माझा भाचा गगनबावड्याहून करूळ घाटानं भाजी घेऊन कोकणात उतरतो, येताना नारळ भरून तोच घाट चढतो. त्यानं हा मेसेज मला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘मामा, उद्यमनगरात बोलून ठेवलंय, टाकून घेतो.’ म्हणून हे लिहितोय.

पहिली गोष्ट, व्हिडिओतली गाडी कुठली ते बघा. ती राम टीआरएक्स. ६.२ लिटरचं व्ही-८ पेट्रोल इंजिन, ७०२ हॉर्सपॉवर. तिचा सुपरचार्जर क्रँकवरच्या बेल्टनं फिरतो, धुराशी त्याचा काही संबंध नाही. भाच्याची पिकअप अडीच लिटरची टर्बो डिझेल, ७५ च्या आसपास हॉर्सपॉवरची. हवा कोंबायचं तेच काम करणारा तिचा टर्बो फिरतो तोच मुळी धुरावर. एवढा फरक ज्याला सांगता येत नाही, तो लोकांना पाइपाचं माप सांगतोय.

आता जाड पाइप. यात अर्धं खरं आहे, ते नाइलाजानं का होईना, मान्य करतो. ‘इंजिनाला बॅक प्रेशर लागतो’ हे जुने फिटर सांगतात ते चूक आहे. बॅक प्रेशर म्हणजे बाहेर पडणाऱ्या धुराला होणारा अडथळा, तो कुठल्याच इंजिनाला ताकद देत नाही, आणि टर्बोनंतरचा पाइप मोकळा असेल तर टर्बो लवकर फिरतो हेही खरं. पण पाइप इंजिनातून जाणाऱ्या हवेच्या हिशोबानं निवडायचा असतो. अडीच इंची पाइपाच्या तोंडाचं क्षेत्रफळ सुमारे ४.९ चौरस इंच, तीन इंचीचं सुमारे ७.१. म्हणजे अर्धा इंच वाढवला की वाट जवळपास ४४ टक्क्यांनी रुंदावते. सातशे हॉर्सपॉवरच्या ट्रकला ती लागते. ७५ च्या गाडीचा मूळ पाइप जर अडवतच नसेल, तर रुंद करून हातात काय येणार? वजन आणि घरघर. शिवाय पाइप नुसत्या प्रेसवर वाकवला तर प्रत्येक वळणावर चेपतो. वर तीन इंच लिहिलेलं आणि वाकणावर अडीचसुद्धा उरलेलं नाही, अशी कामं होतात. वाकवताना पाइपाच्या आत मँड्रेल (पाइप चेपू नये म्हणून आधाराचा दांडा) घालतात का, हे आधी विचारा.

कुणाकडे खरोखर सुपरचार्जरची गाडी असेल, तर त्यानंही हा मेसेज ऐकू नये. एक्झॉस्ट मोकळा केला की बूस्टचा काटा थोडा खाली येऊ शकतो आणि माणूस घाबरतो, पॉवर गेली म्हणून. तसं नसतं. काटा तुंबलेल्या हवेचा दाब दाखवतो, इंजिनातून किती हवा गेली ते दाखवत नाही. खरा धोका पुढे आहे. हवा वाढली आणि पेट्रोल त्या प्रमाणात वाढलं नाही तर मिश्रण पातळ होतं, नॉकिंग (पेट्रोलचं अवेळी भडकणं) सुरू होतं आणि पिस्टन जातो. म्हणून आरपार मफलर (धूर सरळ जाऊ देणारा सायलेन्सर), इंजिनाच्या पॉवरला जुळणारा पाइप, जास्त प्रवाहाचा कॅट आणि त्यानंतर डायनोवर (चाकावरची पॉवर मोजणाऱ्या यंत्रावर) ट्यूनिंग, हे सगळं एकत्रच करायचं काम आहे.

माझा खरा संताप आहे तो डीपीएफच्या दाव्यावर. डीपीएफ डिझेलच्या धुरातली काजळी धरून ठेवतो आणि ६०० अंशांच्या आसपास तापवून जाळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९८८ मध्ये डिझेलच्या धुराला ‘बहुधा कर्करोगकारक’ म्हटलं होतं. जून २०१२ मध्ये तिनं त्यातलं ‘बहुधा’ काढून टाकलं आणि हा धूर तंबाखू, ॲस्बेस्टॉस यांच्या गटात, गट १ मध्ये घातला. कारण फुप्फुसाचा कर्करोग. आता मार्केट यार्डात पहाटे गाडी चालू ठेवून माल चढवतात तेव्हा पाइपाच्या तोंडाशी कोण उभं असतं? हमाल. आणि स्वतः ड्रायव्हर. बोळा म्हणून जो काढायला सांगताय, तो या माणसांच्या छातीत जाणारी काजळी अडवतो. हे लिहिणाऱ्यानं हमालांचा एकदा तरी विचार केला होता का?

डीपीएफ नुसता काढून भागतही नाही. डीपीएफच्या आधीचा आणि नंतरचा दाब ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, सतत मोजत असतो. फरक दिसला नाही की दिवा लागतो, गाडी लिंप मोडमध्ये जाते, म्हणजे स्वतःहून पॉवर कमी करते. मग सॉफ्टवेअरमध्ये ढवळाढवळ करायची, वॉरंटीवर पाणी सोडायचं. हा खर्च मेसेजमध्ये कुठेच नाही.

आवाजाबद्दल एवढंच: आवाज म्हणजे मफलरनं न गिळलेली ऊर्जा. चाकापर्यंत किती पोहोचली ते डायनो सांगतो, कान नाही. २५ टक्के म्हणणाऱ्यानं आधीचा आणि नंतरचा कागद दाखवावा.

पोलिसांचं म्हणाल तर मोटार वाहन कायदा बुलेट आणि पिकअप असा भेद करत नाही. कलम ५२ गाडीत परवानगीवाचून बदल करू देत नाही. १८२-अ मध्ये अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. आवाज-धुराचे नियम मोडले तर कलम १९०(२) प्रमाणे १०,००० रुपयांपर्यंत दंड.

राहिला घाट. चढाला गाडी ओढत नसेल तर आधी एअर फिल्टर बघा, मग इंटरकूलरचे (टर्बोतून आलेली हवा थंड करणाऱ्या भागाचे) होज आणि त्यांच्या क्लिपा. एक होज चिरला की बूस्ट बाहेर जातो, गाडी काळा धूर मारते आणि डीपीएफही लवकर चोक होतो. गाडी गावातल्या गावातच फिरत असेल तर काजळी जळायला वेळच मिळत नाही. हायवेवर सलग चालवा, नाही तर स्कॅनर लावून रीजनरेशन, म्हणजे काजळी जाळायचं काम, करून घ्या. हे सगळं करूनही ओढत नसेल, तेव्हा पाइपाचं बोलू.