‘तेव्हा कुणाला माहीत होतं?’ : मिनामातावरच्या एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

जपानमधल्या मिनामाता गावात चिस्सो या रसायन कंपनीच्या सांडपाण्यातल्या पाऱ्यानं लोकांना झालेल्या विषबाधेवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही इतकं सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही स्वतंत्रपणे देतो आहे. तुमचे आक्षेप थोडक्यात असे. चिस्सो कंपनी वापरत होती तो पारा असेंद्रिय होता. त्यातून मिथिल मर्क्युरी, म्हणजे कार्बनशी जोडलेला विषारी ‘सेंद्रिय पारा’, तयार होतं हे त्या वेळी ठाऊक नव्हतं आणि मोजायची साधनंही नव्हती. त्यामुळे आजच्या ज्ञानावर १९५०च्या दशकातल्या माणसांना दोषी ठरवणं अन्यायाचं आहे. शिवाय असे लेख वाचून लोक मासे खायला घाबरतात. कॉस्टिक सोड्याच्या कारखान्यात पाऱ्याच्या सेलवर (मिठाच्या पाण्यातून वीज सोडून सोडा काढायची पारा भरलेली टाकी) अनेक वर्षं काढलेला माणूस हे लिहितो, तेव्हा ते गांभीर्यानंच घ्यायला हवं.

रसायनाबद्दल आपलं भांडण नाही. चिस्सोच्या कारखान्यात ॲसिटिलीन वायूपासून ॲसिटाल्डिहाइड हे रसायन करताना मर्क्युरिक सल्फेट हा पाऱ्याचा क्षार उत्प्रेरक म्हणून वापरत. त्याच प्रक्रियेत थोड्या पाऱ्याचं मिथिल मर्क्युरी होऊन ते सांडपाण्यातून बाहेर पडत होतं. मिनामाता ज्या प्रांतात आहे तिथल्या कुमामोतो विद्यापीठाचे संशोधक इरुकायामा यांनी कारखान्यातल्या गाळातून ते वेगळं काढून दाखवलं, ते १९६० उलटल्यावर. माझा प्रश्न वेगळा आहे. कारखान्याचा सांडपाण्याचा नाला अडवायला, मासेमारी थांबवायला हा रेणू हातात येईपर्यंत थांबणं गरजेचं होतं का?

तारखा बघा. १ मे १९५६ रोजी आजाराची पहिली अधिकृत नोंद झाली, आणि ती खुद्द कारखान्याच्या रुग्णालयाकडून आलेल्या माहितीवरून. त्याच वर्षी नोव्हेंबरात कुमामोतो विद्यापीठाच्या गटानं सांगितलं की ही साथ नाही, उपसागरातल्या मासे-शिंपल्यांतून होणारी जड धातूची विषबाधा असावी. १९५७मध्ये स्थानिक आरोग्य केंद्राचे प्रमुख इतो यांनी धडधाकट मांजरांना उपसागरातले मासे खाऊ घातले. काही आठवड्यांत त्यांना झटके येऊ लागले. कोळीवस्त्यांमधली मांजरं तर त्याआधीच तशीच तडफडून मरत होती.

यावर कुमामोतो प्रांतानं केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला विचारलं, अन्न स्वच्छता कायदा लावून हे मासे विकायला बंदी घालू का? सप्टेंबर १९५७मध्ये उत्तर आलं की उपसागरातले सगळेच मासे विषारी असल्याचा स्पष्ट पुरावा नाही, म्हणून कायदा लावता येणार नाही. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत भयंकर वाक्य हेच. सगळे मासे विषारी आहेत हे सिद्ध कोण करणार होतं, आणि कसं? इथे उपकरणाची उणीव आड आली नाही. पुरावा किती मागायचा हे ठरवणाऱ्यांनी तो अशक्य करून ठेवला.

वर्षभरानं, सप्टेंबर १९५८मध्ये, कंपनीनं सांडपाण्याची वाट बदलली. हयाक्केन बंदराऐवजी ते मिनामाता नदीच्या मुखाकडे सोडलं, आणि मग तिकडच्या गावांतही रुग्ण दिसू लागले. असा प्रयोग कुणी मुद्दाम मांडला असता तरी इतका स्पष्ट निकाल मिळाला नसता.

‘सेंद्रिय पारा’ हे नाव पुढे आलं ते वैद्यकीय वाचनातून. इंग्लंडमध्ये बियाण्यांवर लावायचं बुरशीनाशक बनवणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांच्या मिथिल मर्क्युरी विषबाधेवर हंटर आणि सहकाऱ्यांनी १९४०मध्येच लिहून ठेवलं होतं. दृष्टीचं क्षेत्र आक्रसणं, तोल जाणं, बोलणं अडखळणं. मिनामाताच्या रुग्णांत हेच दिसत होतं. ब्रिटिश मेंदूतज्ज्ञ मॅकअल्पाइन यांनी १९५८मध्ये हे साम्य दाखवून दिलं. शवविच्छेदनातला मेंदूचा ऱ्हासही जुळला. जुलै १९५९मध्ये विद्यापीठानं सेंद्रिय पारा हे कारण जाहीर केलं. तोवर नाल्याच्या तोंडाशी गाळात टनामागे सुमारे २ किलो पारा सापडला होता.

आणि कंपनीला काय माहीत होतं? कारखान्याच्या रुग्णालयाचे प्रमुख डॉ. हाजिमे होसोकावा यांनी ॲसिटाल्डिहाइड विभागाचं सांडपाणी अन्नात मिसळून एका मांजराला दिलं. नोंदीत त्याचा क्रमांक ४००. ऑक्टोबर १९५९मध्ये त्याला तोच आजार झाला. निष्कर्ष बाहेर आला नाही. डिसेंबरात कंपनीनं पाणी शुद्ध करणारं यंत्र थाटामाटात सुरू केलं. त्यात पारा काढण्याची सोयच नव्हती. त्याच महिन्यात रुग्णांशी जो करार झाला, त्यात एक अट होती: पुढे कारखाना दोषी ठरला तरी जादा भरपाई मागायची नाही. काहीच माहीत नसलेला माणूस अशी अट कशाला घालेल? १९७०मध्ये कर्करोगानं अंथरुणाला खिळलेल्या होसोकावांनी न्यायालयापुढे मांजराची हकिकत सांगितली. १९७३मध्ये कुमामोतो जिल्हा न्यायालयानं तो करार रद्दबातल ठरवला.

मोजायची साधनंही होती. १९६०पासून प्रांताच्या प्रयोगशाळेत किनाऱ्यावरच्या लोकांचे केस तपासले जात होते. केसात रक्ताच्या सुमारे २५० पट पारा साठतो आणि केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे एका लांब केसात कित्येक महिन्यांची नोंद मिळते. प्रौढांमध्ये केसात ५० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ५० भाग) आसपास त्रासाची शक्यता सुरू होते असं मानतात. गोशोनोउरा बेटावरच्या एका बाईच्या केसात ९२० पीपीएम निघाले. ॲसिटाल्डिहाइडचं उत्पादन थांबलं १९६८मध्ये.

मधल्या वर्षांची किंमत कुणी दिली, ते सांगायलाच हवं. मिथिल मर्क्युरी सिस्टीन या अमिनो आम्लाला चिकटून मेथिओनिनसारखं रूप घेतं, त्यामुळे मेंदूत आणि वारेतून (गर्भाचं आईकडून पोषण करणाऱ्या अवयवातून) बाळात जाताना त्याला कुणी अडवत नाही. वार बाळाला विषापासून राखते असं डॉक्टर तेव्हा मानत. डॉ. मसाझुमी हारादा घरोघरी जाऊन ज्यांना भेटत गेले त्या आया सांगत होत्या की बाळानं एकही मासा खाल्लेला नाही. नाळेच्या रक्तात आईच्या रक्तापेक्षा जास्त पारा असतो, हे आता माहीत आहे. आईला किरकोळ मुंग्या, आणि मूल आयुष्यभर लुळं. सर, ‘तेव्हा माहीत नव्हतं’ म्हणताना मला ही मुलं आठवतात, आणि ते वाक्य माझ्याच्यानं लिहवत नाही.

माशांबद्दल. घाबरवायचा माझा हेतू नाही. तारली, बांगडा, मांदेली यांसारख्या लहान, कमी जगणाऱ्या माशांत पारा कमी साठतो. ते खुशाल खावेत. मोठी मोरी (शार्क) किंवा तलवार मासा मात्र दुसरे मासे खाऊन वर्षानुवर्षं पारा साठवतो. गरोदर बायकांनी आणि लहान मुलांनी हे टाळावेत. हा पारा माशाच्या स्नायूंतल्या प्रथिनांना बांधलेला असतो, म्हणून धुऊन, तळून किंवा कोकम घालून जात नाही.

राहिला आजच्या चष्म्याचा मुद्दा. ऑक्टोबर २००४मध्ये जपानच्या सर्वोच्च न्यायालयानं सरकार आणि प्रांत दोघांनाही जबाबदार धरलं. न्यायालयानं पाहिलं ते १९५९च्या अखेरीस हाती काय माहिती आणि कोणते कायदे होते ते, आणि तेवढ्यावर कारवाई करायला हवी होती असं ठरवलं.

एक विनंती. पाऱ्याच्या सेलमध्ये भरलेला पारा आणि शिल्लक पारा यांचा ताळा तुम्ही कसा मांडत होता, तफावत आली की ती कोणत्या खात्यावर लिहिली जायची, हे तुम्ही लिहाल का? मी ते जसंच्या तसं इथे छापेन.