फोंड्याला आधी साधे प्लग द्या

परवा रात्री साडेनऊला आईला घेऊन पणजीहून परतताना वाटेतल्या एका फास्ट चार्जरवर थांबलो. ॲपवर ‘उपलब्ध’ दिसत होतं. प्रत्यक्षात मशीनचा स्क्रीन काळा. हेल्पलाइनवाला वीस मिनिटं तिकडून रीस्टार्ट करत राहिला, काही झालं नाही. शेवटी १४ टक्के बॅटरीवर, एसी बंद करून, आईला घामाघूम करत फोंडा गाठला. फार वाईट वाटलं.

गाडीबद्दल माझी तक्रार नाही. तीन वर्षं चालवतोय, पुन्हा घ्यायची झाली तरी इलेक्ट्रिकच घेईन. पण चार्जिंगचा विचार आपल्याकडे पेट्रोल पंपासारखा होतोय, आणि तिथंच चुकतंय असं मला ठामपणे वाटतं.

हिशेब बघा. फोंडा-पणजी जाऊन-येऊन साठेक किलोमीटर. माझी गाडी एका युनिटला सातेक किलोमीटर जाते, म्हणजे दिवसाला नऊ युनिटं. १५ अँपिअरचा साधा प्लग तासाला तीन युनिटं देतो. तीन तासांत काम झालं! आणि गाडी ऑफिसबाहेर आठ तास, घराखाली रात्रभर नुसती उभी असते. पण मी तिसऱ्या मजल्यावर. माझ्या मीटरवरून खाली वायर आणायला सोसायटी दोन वर्षं परवानगी देत नाही. आगीची भीती वाटते त्यांना. ती मी समजू शकतो, म्हणूनच वेगळी वायर, अर्थिंग, एमसीबी (जास्त भार आला की वीज आपोआप तोडणारा स्विच), सगळा खर्च माझा असं लिहून दिलंय. तोवर कुर्टीला भावाकडे गाडी लावतो आणि रात्री त्याच्या स्कूटरवरून घरी येतो.

शहरात ३ बाय ३ किलोमीटरच्या चौकटीत किमान एक चार्जिंग स्टेशन असावं, असं केंद्राच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत होतं. चांगलंच आहे. हायवेवर ५०-६० किलोवॅटचे फास्ट चार्जर हवेतच, लांबून येणाऱ्याला दुसरा पर्याय नाही. पण त्या चार्जरच्या सीसीएस-२ गनला, म्हणजे कारसाठीच्या जाड प्लगला, स्कूटर लागत नाही, आणि गोव्यात तर घराघरात स्कूटर. फोंड्यातल्या तिस्कावर भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलीनं ई-स्कूटर घेतली तर ती चार्जिंगला कुठं लावायची?

जानेवारी २०२४ पासून नव्या पर्यटक टॅक्सी आणि भाड्याच्या गाड्या इलेक्ट्रिकच असतील, अशी घोषणा राज्य सरकारनं २०२३ मध्ये केली होती. मग मंगेशी, म्हार्दोळ, कवळ्याच्या देवळांच्या पार्किंगमध्ये सात किलोवॅटचे एसी (घरच्यासारख्या विजेवर चालणारे, फास्टपेक्षा हळू) चार्जर लावा. पर्यटक देवदर्शन, जेवण करून येईपर्यंत तास-दीड तास जातो. दीड तासात दहा युनिटं, म्हणजे सत्तर किलोमीटर. कळंगुटहून आलेला टॅक्सीवाला परतीची काळजी तिथंच मिटवेल.

वीज खातं आपल्याकडे सरकारचंच आहे. कदंब बसस्टँड, मार्केट, पालिकेचं पार्किंग, प्रत्येक ठिकाणी मीटर बसवलेले पाच-सहा प्लग आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला एक माणूस, एवढंच मागतोय. बंद पडलेला प्लग गावचा इलेक्ट्रिशियनही दुरुस्त करू शकतो.

पालिकेला द्यायचं निवेदन लिहून तयार आहे. फोंडा, कुर्टी, बांदोड्यातल्या ई-गाडीवाल्यांनी, स्कूटरवाल्यांनी तर नक्कीच, रोज गाडी कुठं आणि किती तास उभी असते ते कमेंटमध्ये लिहा. ती यादी निवेदनाला जोडून सोमवारी देणार आहे.