खुलासा : प्रतींवर डाग आले म्हणून चारही ड्रम बदलावे लागत नाहीत

कलर कॉपिअरच्या प्रतींवर डाग किंवा रेघा उमटू लागल्या की चारही रंगांचे ड्रम (रंगाची पूड कागदाकडे नेऊन प्रतिमा उमटवणारे दंडगोल) एकदमच बदलावे लागतात, असा संदेश सध्या पुण्यातील कार्यालयांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरत आहे. ही माहिती चुकीची आहे. मी याच यंत्रांच्या दुरुस्तीचे काम करतो आणि अशा सल्ल्यामुळे चांगले ड्रम भंगारात गेलेले पाहून मला मनापासून वाईट वाटते.

बहुतेक यंत्रांत प्रत्येक रंगाचा ड्रम स्वतंत्र असतो. त्यामुळे प्रत्येक रंगाचे चाचणी पान वेगळे काढल्यास दोष कोणत्या रंगात आहे ते कळते. एकच डाग ठरावीक अंतराने पुन्हा उमटत असेल, तर ते अंतर पट्टीने मोजावे, कारण ते सदोष ड्रमच्या किंवा रोलरच्या परिघाइतके असते : ३० मिलिमीटर व्यासाच्या ड्रमचा डाग सुमारे ९४ मिलिमीटरवर परत येतो. शिवाजीनगरमधील एका कार्यालयात चार ड्रम मागवायची तयारी झाली होती. प्रत्यक्षात रेघ केवळ फीडरमधून (मूळ कागद आपोआप आत ओढणाऱ्या भागातून) कागद घातल्यावरच येत होती आणि मुख्य काचेशेजारच्या अरुंद काचपट्टीवर व्हाइटनरचा वाळलेला ठिपका होता. तो पुसताच रेघ गेली. अक्षरे बोटाने चोळल्यावर निघत असतील, तर आधी फ्यूजर, म्हणजे रंगाची पूड उष्णतेने कागदावर पक्की करणारा भाग, तपासावा.

झिजलेला ड्रम बदलावाच, परंतु तो कोणता हे ठरवल्यानंतर. कृपया तो संदेश पुढे पाठवू नये आणि पाठवला असल्यास त्याच गटात हा खुलासा द्यावा, ही विनंती.