ब्रूनोच्या गोचिडांबद्दल, कुत्र्यांना अंघोळ घालणाऱ्या दुकानाच्या मालकाकडून

ताई, नमस्कार. दोन स्टार दिलेत, कारणही सविस्तर लिहिलंत. शनिवारी 1,200 रुपयांचं 'अंघोळ + गोचीड' पॅकेज केलं, सोमवारी ब्रूनो चिखलात लोळला म्हणून घरी कडुलिंबाच्या शाम्पूने धुतला आणि गुरुवारी त्याच्या कानामागे चार जिवंत गोचीड सापडले. म्हणून औषध डुप्लिकेट, असं तुमचं म्हणणं.

औषध डुप्लिकेट नव्हतं, सीलबंद पिपेट (थेंबांची छोटी नळी) तुमच्यासमोरच फोडलं होतं. तरीही चूक आमचीच, फक्त ती दुसरीकडे आहे.

शनिवारी कामावर असलेल्या मुलाला बसवून विचारलं. ब्रूनोला दोनदा शाम्पू लावला, मग ब्लोअर. गोल्डन रिट्रीव्हरचे वरचे केस लगेच सुकतात हो, पण आतल्या लवेत बोट घातलं की गार लागतं. तशाच अंगावर खांद्यांच्या मध्ये भांग पाडून त्याने थेंब सोडले. ते कातडीवर बसलेच नाहीत, केसांवरून ओघळले आणि याने ते टिश्यूने टिपून घेतले! 'डाग पडू नये म्हणून,' म्हणाला.

या थेंबांतलं गोचीड मारणारं औषध, फिप्रोनिल, काम करतं ते कातडीवरच्या तेलामुळे. मानेवर टाकलेला थेंब त्या तेलातून हळूहळू अंगभर पसरतो, तैलग्रंथींत साठतो आणि तिथून काही आठवडे झिरपत राहतो. शाम्पूने आम्ही ते तेलच धुऊन काढलं होतं. म्हणून अंघोळीनंतर दोन दिवस थांबून औषध लावायचं, आणि लावल्यावर पुन्हा दोन दिवस पाणी नाही. सोमवारच्या अंघोळीने उरलंसुरलंही गेलं असणार. शाम्पू कडुलिंबाचा असो नाहीतर बाळाचा, तेल काढणं हे त्याचं कामच आहे. पण 'सोमवार संपेपर्यंत धुऊ नका' हे तुम्हाला आमच्याकडून कुणी सांगितलंच नाही, तेव्हा तो दोष तुमच्यावर ढकलत नाही.

खरं तर ते पॅकेजच चुकीचं होतं. एका फेरीत दोन्ही कामं उरकली की गिऱ्हाईक खूश, म्हणून मीच ते बोर्डावर लिहिलं होतं. काल पुसलं. आता अंघोळ एका दिवशी आणि थेंब तिसऱ्या दिवशी, त्या फेरीचे वेगळे पैसे नाहीत.

मैत्रिणीच्या कुत्र्याला लावलं तसं 'स्ट्राँग' औषध का नाही लावलं, असंही विचारलंत. त्यात परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं. तुमच्या फॉर्मवर घरी मांजर असल्याचं लिहिलंय, आणि मांजराला ते विषारी आहे. दोघं एकाच सोफ्यावर झोपत असतील तर मी ते हातात घेणार नाही, आणखी एक स्टार कापलात तरी.

आता पुढचं. घाईने दुसरं पिपेट लावू नका. डॉक्टरांना शनिवार-सोमवारचा सगळा प्रकार सांगा. ते कदाचित गोळी देतील, ती अंघोळीने धुतली जात नाही. ब्रूनोला कधी फिट आली असेल तर ते आधी सांगा. दिसलेले गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, बोटांनी चिरडू नका, रॉकेल तर नकोच. त्याने खाणं सोडलं, ताप वाटला किंवा हिरड्या फिक्या दिसल्या, तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्या. गोचीडतापात उशीर महागात पडतो.

आणि पार्किंगमध्ये तो जिथे बसतो, तिथल्या भिंतीच्या फटी एकदा टॉर्च मारून बघा. रक्त पिऊन टम्म झालेली मादी अंगावरून गळून पडते आणि असल्याच फटीत हजारांनी अंडी घालते. नुसत्या कुत्र्यावर औषध लावून ते संपत नाहीत.

औषधाचे 550 रुपये परत करतोय, दुकानात या किंवा यूपीआय नंबर कळवा. अंघोळीचे ठेवतोय. 'वास मात्र छान येत होता' हे तुम्हीच लिहिलंय.