मोजणाऱ्यानेही हिशेब द्यावा

आपली प्रतिक्रिया मी शांतपणे वाचली. ती लिहिताना आपणही तितकेच शांत असता तर बरे झाले असते. लोकशाहीची जागतिक क्रमवारी लावणाऱ्या संस्थांनी आधी आपल्या निकषांचे समर्थन करावे, असे मी लेखात म्हटले होते. त्यावर आपण लिहिता, "जो देश स्वतःला लोकशाही म्हणवतो त्यानेच ते सिद्ध करायचे असते, मोजणाऱ्याकडे पुरावा मागणे ही निव्वळ पळवाट आहे." मतभेद मी समजू शकतो, पण माझ्या हेतूचा निवाडा आपण कोणत्या पुराव्यावर केलात? पुराव्याचा एवढा आग्रह धरणाऱ्याने निदान तेवढे तरी सांगायला हवे होते.

स्वित्झर्लंडमध्ये स्त्रियांना संघीय पातळीवर मताधिकार मिळाला तो १९७१ मध्ये, आणि आपेनझेल इनररोडेन या प्रांतात तर प्रांतिक मतदानासाठी १९९० साली न्यायालयाला हस्तक्षेप करावा लागला. तरी त्याआधीही तो देश लोकशाहीचा नमुना म्हणूनच मिरवत होता. अमेरिकेत २००० आणि २०१६ मध्ये देशभरात कमी मते मिळवणारा उमेदवार अध्यक्ष झाला. ब्रिटनमध्ये २०२४ साली सुमारे ३४ टक्के मतांवर एका पक्षाने साठ टक्क्यांहून अधिक जागा जिंकल्या. यांपैकी कशाला किती वजन द्यायचे, हे आकडे स्वतः सांगत नाहीत. ते कोणीतरी बसून ठरवते, आणि जो ठरवतो त्याला 'का' असे विचारणे गैर कसे?

राज्यशास्त्र शिकवण्यात आणि उत्तरपत्रिका तपासण्यात माझी उमेदीची वर्षे गेली आहेत. एकाच उत्तराला दोन प्रामाणिक परीक्षक किती वेगळे गुण देतात, हे मला कोणी शिकवण्याची गरज नाही. फेरतपासणी मागणाऱ्या विद्यार्थ्याला मी कधी पळपुटा म्हटले नाही.

व्ही-डेम ही लोकशाहीचे मोजमाप करणारी स्वीडनमधील संस्था आपली पद्धत आणि माहितीसाठा सर्वांसाठी खुला ठेवते, हे आपले म्हणणे मान्य. लेखात त्याचा उल्लेख असता तर बरे झाले असते. मात्र खुलेपणामुळे तपासणी शक्य होते, निष्कर्ष आपोआप खरा ठरत नाही.

पत्रकारांवरील खटले, न्यायालयांचे स्वातंत्र्य वगैरे आपले उरलेले मुद्दे लेखाच्या विषयाबाहेरचे असल्यामुळे त्यांत मी शिरत नाही. राहिला "आधी अभ्यास करावा" हा सल्ला. तो आपण टोपणनावाआडून दिला आहे, तेव्हा त्यामागे आपला स्वतःचा अभ्यास किती, हे तपासण्याची सोय आपणच ठेवलेली नाही.